पुरे कोणी म्हणायचं

बेंगळुरू,
४ मे

ती. थोरल्या आईस,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

जत्रेहून सुखरूप पोचले. तू बांधून दिलेल्या पुरणपोळ्या वसतिगृहात पोचल्याबरोबर संपल्या आणि मला एकही मिळाली नाही, हे तुला कळवायचं नव्हतं, पण तू विचारशीलच. फोनवर मोकळं बोलता येत नाही. आबांना ऐकू यावं म्हणून पप्पा स्पीकर लावतात आणि माझा खोकला नवलाख उंबऱ्याच्या अर्ध्या आळीला कळतो. पत्राची तुझी कल्पनाच बरी.

ते स्थळ मात्र परत पाठव. आबांनी जत्रेत सांगितलं की आमची नात चिकटवायच्या वस्तूवर शोध लावते, आणि दिवस मावळायच्या आत वसाहतीतल्या चिकटपट्टीच्या कारखान्यातला सुपरवायझर मला बघायला हजर. दोघं एकाच लायनीतली, असं आबांचं म्हणणं. त्यांना सांग, मी डिंक बनवत नाही. आपलं अंग म्हणजे एकीला एक लागून बसलेल्या पेशी. त्या सुट्या होऊ नयेत म्हणून प्रत्येकीच्या आवरणातून एक प्रथिन बाहेर डोकावतं आणि शेजारणीच्या तसल्याच प्रथिनाचा हात धरतं. त्याचं दुसरं टोक पेशीच्या आत असतं. इतकी वर्षं सगळे म्हणत होते की याचं काम धरून ठेवायचं, बास. पण ते आतलं टोक नुसतं बसून नसतं. पेशीत जिथे नवी प्रथिनं बनतात, म्हणजे तिचं स्वैपाकघर समज, तिथेही त्याची लुडबूड चालते. ती किती आणि कशी, हा माझा विषय.

आता माझी फजिती ऐक. काही पेशींत मी ते प्रथिन बनूच दिलं नव्हतं. त्यांची एक डिश आणि साध्या पेशींची एक डिश, दोन्ही जत्रेच्या नादात तशाच ठेवून आले. त्यांचं खाणं बदलायचं राहिलं. परत येऊन पाहते तर साध्या पेशी खाणं आटलेलं बघून गुमान थांबलेल्या. ते प्रथिन नसलेल्या विखरून पडल्या असतील असं वाटलं होतं, तर त्या जागच्या जागी. धरून ठेवणारी इतरही प्रथिनं असतात ना. आणि चांगल्या फुगलेल्या, जणू खाणं संपत आल्याचं त्यांच्या कानावरच गेलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, ही चूक आहे, पुन्हा कर. कोणाला विचारून जत्रेला गेलीस, असंही म्हणाल्या. थोरल्या आईला विचारून, हे अगदी जिभेवर आलं होतं.

आबांना, पप्पांना, आईला नमस्कार सांग. भाऊराया स्वराजला सांगू नकोस, तो फुशारतो. माझ्यावर रागव, पण पत्रातून रागव.

तुझी,
सृष्टी


नवलाख उंबरे,
१५ मे

चि. सृष्टीस,
थोरल्या आईचे आशीर्वाद, पोटभर.

तुजं पत्र पोचलं. पेशीचं मला निम्मं कळलं, पन निम्म्यात काम भागलं. त्या सुपरवायझरला मी निरोप धाडला की आमची पोरगी चिकटवत न्हाई, सोडवती. तवापासून तो हिकडं फिरकला न्हाई. आबा माज्यावर रुसलेत.

आता एक सांगते, ते फोनवर काडू नगंस. लोनावळ्याच्या नीरजाताई तुला ठाव हायेत, शाळेतनं रिटायर झालेल्या, दर साली आपला इंद्रायनी तांदूळ नेतात त्या. त्यांनी तुंगार्लीच्या बंगल्यात पावन्यांसाठी घरगुती जेवन चालू केलंय. तांदूळ न्यायला आल्या तवा हितं जेवल्या, आन जाताना म्हनल्या की नंदाबाई, माज्याकडं या, खोली देते, तुमच्या मनानं रांदा. मी हसून सोडून दिलं. पन ते मनातनं जाईना. मला जायचंय, सृष्टी. तुजे थोरले बाबा गेल्यापासून मी ह्या घरातनं कुटं बाहेर गेले आसंल त तळेगावच्या दवाखान्यात, त्ये बी दुसऱ्याच्या आजारपनात.

घरात बोलले. आबा म्हनले, नंदा हाय म्हनून हे घर हाय, ती गेली की दोन चुली झाल्याच समजा. तुज्या बापानं, कैलासनं, चपला घातल्या आन शेतावर गेला, हितं शेतात कायबी काम न्हवतं तरी. स्वराज म्हनला, मंग माजा डबा कोन भरनार, मला सात वाजता कंपनीची बस आसती. तुजी आई, सारिका, लसून सोलत व्हती, तो जरा बेगीनं सोलायला लागली.

त्यांचं बी खोटं न्हाई. ह्या घरात मीट मीच घालते आन वाढते बी मीच. कैलासला दोन भाकरी, आबांना दीड, सारिकाला भात कमी, तिला सोसत न्हाई. कोनी हातानं घेत न्हाई, पुरे मी म्हनते. मी उटून गेले त ही मानसं जेवतील कशी? कैलास आन त्याची बायको भांडली त मधी कोन पडंल? तू म्हनतेस तुज्या त्या पेशी पडल्या न्हाईत. नक्की न्हाई पडल्या? नीट बगून लिव. तुज्या पत्रापातूर मी नीरजाताईंना व्हय बी म्हनत न्हाई आन न्हाई बी म्हनत न्हाई.

जिवाला जप, आन मेसच्या पोरींना मागं सारून आदी आपन खात जा.

तुजी,
थोरली आई


बेंगळुरू,
२७ मे

ती. थोरल्या आईस,
सृष्टीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी घाबरले. माझ्या डिशच्या भरवशावर घर सोडायचं काढू नकोस ग. मॅडमनाच अजून पटलेलं नाही. प्रयोग पुन्हा लावलाय, या खेपेला खाणं वेळेवर बदलतेय आणि जत्रेसारखं काही मधे येऊ देत नाहीये. आणि काहीही झालं तरी पेशींना सासरे नसतात.

पण तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक दिसलं. ही माणसं जेवतील कशी, भांडली तर मधे कोण पडेल, डबा कोण भरेल, हे सगळं त्यात आहे. तिथे जाऊन तू काय करशील, तुला काय आवडेल, तिथली खिडकी कुठे उघडते, याची एक ओळ नाही. फक्त दोन शब्द आहेत, मला जायचंय. ते तू इतके मधे दडवलेस की मला आधी सापडलेच नाहीत.

मला विचारशील तर जा. हे शास्त्र नाही, माझं मत आहे. शास्त्रात मी अजून शिकाऊ आहे, पण तुझ्या हातचं खाऊन मोठी झालेय, तेवढ्यावर मत देण्याचा हक्क सांगते.

आशीर्वादाच्या ऐवजी या वेळी तुंगार्लीचा पत्ता पाठवलास तरी चालेल.

तुझी,
सृष्टी


तुंगार्ली, लोणावळा,
२० जून

चि. सृष्टीस,
आशीर्वाद. खाली पत्ता लिवलाय, तो वाचून मग बाकीचं वाच.

आले बग मी. निगताना आबा भिंतीकडं तोंड करून बसलेले. मी पाया पडले त आशीर्वाद भिंतीलाच दिला. कैलास तळेगाव टेसनापातूर सोडायला आला. म्हनला, वैनी, आठ-धा दिसांत परत यावं लागंल, तवा पिशवी लय भरू नगा. मी त्याचं ऐकलं, आन आता दोन लुगड्यांवर चाललंय. तुज्या बापाच्या बोलन्यावर पिशवी भरायची न्हाई, हे मी इतक्या वर्सांत शिकाया पायजे व्हतं.

हितलं सैपाकघर मोटं हाय. तू इचारलंस म्हनून सांगते, खिडकी तळ्याकडं उगडते. नीरजाताई कायम पुस्तकात. त्यांना मीट कमी लागतं, पन बोलत न्हाईत, ताक वाढवून घेतात. पावने पुन्या-मुंबैचे. पिटलं-भाकरी मागतात, मंग तिचा फोटो काडतात, मंग गार झाली म्हनतात. पयल्या दिशी मी पळी घेऊन वाढाया उबी राहिले, त एक बाई हसून म्हनली, मावशी, आमी घेऊ आमच्या हातानं. सगळे हितं आपापलं घेतात. मला ती पळी कुटं ठेवावी त्येच कळंना. जेवनं हुईपातूर तशीच धरून उबी व्हते.

घरचा फोन न्हाई. मी बी करत न्हाई. आबांच्या गोळ्या कोन देत आसंल? मोडलं आसंल सगळं. तुला फोन येत आसंल, तवा खरं काय ते लिव. मी वाईट ऐकायच्या तयारीत हाय, माजी काळजी करू नगंस.

सुकी ऱ्हा, आन मला अंदारात ठेवू नगंस.

तुजी,
थोरली आई


बेंगळुरू,
२ जुलै

ती. थोरल्या आईस,
सृष्टीचा नमस्कार. हे पत्र बसून वाच.

तू वाईट ऐकायच्या तयारीत आहेस, पण बातमी त्याहून अवघड आहे. घर मोडलेलं नाही.

पहिल्या दिवशी मोडता मोडता वाचलं. आमटीत मीठ आईने घातलं. पप्पांना वाटलं, हिला कुठलं सुचतंय, म्हणून त्यांनी घातलं. आबा दोघांनाही ओळखून आहेत, त्यांनीही घातलं. तिघांनी एकमेकांना न सांगता. स्वराज कंपनीच्या कँटीनमध्ये जेवला आणि म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी पप्पा आणि आई भांडले, मधे पडायला कोणी नव्हतं, तर थोड्या वेळाने ते आपोआप थांबले. आता मीठ आई घालते. तिने बेसनाच्या मासवड्या केल्या, तिच्या माहेरच्या पद्धतीच्या. तिला त्या येतात हे पप्पांना लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी कळलं. स्वराज डबा स्वतः भरतो. आबा सकाळी दूध घेऊन डेअरीवर चालत जातात, गोळ्या घेऊन. फोनवर त्यांचा आवाज इतका खणखणीत होता की स्पीकर नसता तरी आळीने ऐकलं असतं.

इकडचीही बातमी तशीच. खाणं वेळेवर बदलूनही तेच झालं. नव्याने बनलेल्या प्रथिनांना चमकणारी खूण लावून पाहिली. ज्या पेशींत हात धरणारं ते प्रथिन नाही, त्या लखलखीत. स्वैपाकघर धडाक्यात चाललेलं. म्हणजे ते प्रथिन बाहेर शेजारणीचा हात धरून आत सांगत असतं, शेजार भरलाय, आता पुरे, बनवणं आवर. ते काढलं की घर पडत नाही, चूल मोठी होते. मॅडमनी तक्ता पाहिला आणि हं म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

तू हे कसं घेशील याची धाकधूक आहे. तुझी माया आटली नसेल तर दोन ओळी लिही.

तुझी,
सृष्टी


तुंगार्ली,
१२ जुलै

चि. सृष्टीस, आशीर्वाद.

मासवड्या.

इतकी वर्सं मी तिला कांदा चिरायला बसवली आन ती मनात मासवड्या वळत व्हती. चांगलं झालं. आनंद हाय. आबांना बेसन बादतं हे तिला कोनी सांगितलं का, एवडंच इचार.

तुला खोटं कशाला लिवू, मला लय लागलं. मला वाटलं व्हतं, मी गेले की माज्या आठवनीनं घास गळ्याखाली उतरनार न्हाई कुनाच्या. मला वाटायचं, मी सगळ्यांना धरून ठेवलंय. तुजं पत्र वाचून कळलं की ते न धरता बी ऱ्हात व्हते. मी नुसतं पुरे पुरे म्हनत व्हते. आन तुज्या मॅडम त्याला हं म्हनतात.

नीरजाताईंना सांगितलं. त्या म्हनल्या, त्या रिटायर झाल्या तवा शाळेचा निकाल लागला तो आदीपरीस चांगला लागला. त्या हसल्या, मी बी हसले, पन दोगी बी मनातनं हसलो न्हाई. मंग त्यांनी च्या केला. त्यांना च्या येत न्हाई, तरी मी पिले.

आता मी घरी जात न्हाई. तितं माजं काय काम? हितं पावने निदान फोटो तरी काडतात.

माया आटायला ती काय विहीर हाय? तुज्यावरची हाय तेवडी हाय.

तुजी,
थोरली आई


नवलाख उंबरे,
२४ ऑगस्ट

ती. आक्कांस,
सारिकाचा नमस्कार इनंती इशेष.

एका घरात ऱ्हायलो म्हनून तुमाला पत्र लिवायची येळ कदी आली न्हाई. चुकलं त पोटात घाला.

हितं सगळी खुशाल हायेत, जरा जास्तच. तुमी गेल्यापासून मी मनासारकं रांदते आन वाढते, आन कोनी पुरे म्हनत न्हाई. मला म्हनायची सवय न्हाई, ह्यांना ऐकायची व्हती पन म्हनायची न्हाई. ह्यांच्या सदऱ्याची बटनं लागत न्हाईत. आबांचं पोट बिगडलं. तळेगावच्या डाक्टरनं इचारलं, म्हाताऱ्याला येवडं बेसन कोन देतं? मी खाली बगितलं. ह्यांनी सोफासेट आनला, तो दारातनं आत जाईना, आता वसरीत ताडपत्रीखाली हाय आन आबा त्यावर बसून येनाऱ्या-जानाऱ्याला हाका मारतात. स्वराज वरती मजला चडवायचं बोलतोय, जुनं पत्रं बदलायच्या आदी.

हे म्हनले, वैनीला लिव, परत या, तुमच्याबिगर आवरत न्हाई. मी तसं लिवत न्हाई, आक्का. तुमी परत आलात की मीट तुमच्या हातात जाईल आन मी कांद्यावर. ते मला आता जमायचं न्हाई. हे वंगाळ वाटंल, पन तुमाला खोटं लिवायची छाती न्हाई.

पन या. ऱ्हायला नगा येऊ, जेवायला या. गौरी जेवायच्या दिशी या. तुमी कवा माज्या हातचं जेवलाच न्हाईत.

तुमचा राग आन तुमची माया, दोनी आसू द्या.

सारिका


बेंगळुरू,
२८ ऑगस्ट

ती. थोरल्या आईस,
सृष्टीचा साष्टांग नमस्कार.

आईने तुला पत्र लिहिल्याचं मला सांगितलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही.

मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं, त्याबद्दल कान धर. पेशी फुगल्या म्हणजे भलं झालं, असं नाही. अंगात आत पुरे म्हणणारं कोणी राहिलं नाही की गाठी होतात. ते काम वाईट नव्हतं. आणखी एक. पेशीला दोन पकडी असतात. एक शेजारणीची, ती पुरे म्हणते. दुसरी पायाखालच्या जमिनीची, वेगळ्या प्रथिनांची. ती उलट सांगते, पाय रोवलेत, आता बनव आणि वाढ. जमिनीवरनं सुटलेली साधी पेशी नवं काही बनवायचं थांबवते आणि मरते. तुझ्या घरात तू शेजारणीची पकड होतीस. माझी तर जमीनही तूच होतीस. तुझ्याच हट्टाने मी बारावीनंतर पुण्याला गेले, हे आबा विसरलेत, मी नाही.

मॅडमनी परवा सगळ्यांसमोर सांगितलं की खाणं न बदलता ठेवून पाहावं ही कल्पना त्यांचीच. पुढच्या जत्रेला त्यांनी मला आपणहून रजा देऊ केलीय.

डिशमधल्या पेशींचं काय झालं हे मला सगळे विचारतात. नसलेल्या प्रथिनाचं काय झालं हे कोणी विचारत नाही, कारण मी ते बनूच दिलेलं नसतं. तू मात्र आहेस. म्हणून विचारते, तुझं काय झालं?

उत्तराची वाट पाहते आणि तुझी आठवण काढते, दोन्ही रोज.

तुझी,
सृष्टी


तुंगार्ली, लोणावळा,
८ सप्टेंबर

चि. सृष्टीस,
थोरल्या आईचे भरल्या पोटाचे आशीर्वाद.

गौरी जेवायला गेलते. नीरजाताईंनी सुटी दिली आन सोबत चिक्कीचा डबा, जसं काय मी लोनावळ्याची पावनीच. वसरीत सोफ्यावर आबा बसलेले. मला बगून जरा सरकले आन शेजारी जागा केली. भिंतीकडं तोंड केलं न्हाई.

सैपाकघरात पाय टाकला आन हात आपसूक पळीकडं गेला. ती सारिकाच्या हातात व्हती. ती येवडीशी झाली, पन पळी सोडली न्हाई. म्हनली, आक्का, बसा. मी बसले. आबा, कैलास, स्वराज आन मी, एका ओळीत.

त्या घरात नवरी म्हनून आले त्या दिशी कोनीतरी मला वाडलं आसंल. त्यानंतर ह्या दिशी. सारिकानं भात वाडला आन पळी धरून थांबली, मी पुरे म्हनायची वाट बगत. सृष्टी, मला म्हनता येईना. मला किती लागतं त्येच मला ठाव न्हवतं. आबांना दीड, कैलासला दोन, सगळ्यांचं मला तोंडपाट. मी शेवटाला बसायची. पातेल्यात जेवडं उरायचं तेवडीच माजी भूक.

मी गप, म्हनून ती वाडत राहिली. कैलास बगत व्हता, आबा बगत व्हते, कोनी पुरे म्हनलं न्हाई. मी खात राहिले आन माजं डोळं वाहत राहिलं, आन ताट रिकामं झालं तवा मी म्हनले, सारिका, आनखी वाड.

तू इचारलंस माजं काय झालं. हे झालं.

सांजच्याला तुंगार्लीला परत आले. निगताना आबांनी इचारलं, परत कदी? मी म्हनले, पुडच्या आयतवारी, जेवायला. सोफ्याचं काय करायचं ते कैलासनं मला इचारलं. मी त्याला सारिकाला इचार म्हनले.

तू बी येशील तवा पयली हितं ये, मंग तिकडं. तुज्यावर जीव हाय, तो कुटंबी ऱ्हायले तरी हाय.

तुजी,
थोरली आई

ता. क. आमटीत मीट जरा कमी व्हतं. मी कुनाला बोलले न्हाई.